म्युनिकचं ऑलिम्पिक पार्क आणि आपलं गोल्फ क्लब

गंगापूररोडवाली

नमस्कार मंडळी. लेक-जावई म्युनिकला असतात. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहून आले. राजवाडे, चर्च, घड्याळातल्या नाचणाऱ्या बाहुल्या सगळं दाखवलं त्यांनी. त्याचे फोटो ढिगाने मिळतात, म्हणून ते सोडून देते. मला लिहायचंय ते ऑलिम्पिक पार्कबद्दल. पहिल्यांदा गेले ती पाहुणी म्हणून. मग यू-३ मेट्रोने सरळ दारात उतरता येतं हे कळलं आणि मी एकटीच जायला लागले. जावईबापूंनाही जरा मोकळा श्वास मिळाला.

१९७२ चं ऑलिम्पिक इथे झालं. जागेचं मूळ नाव ओबरवीझेनफेल्ड. आधी लष्कराचं कवायतीचं मैदान, नंतर शहराचा विमानतळ. १९३८ च्या म्युनिक करारासाठी ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन इथेच विमानातून उतरले होते. पुढे युद्धात बाँबहल्ल्यांनी शहराची दैना झाली आणि पडलेल्या घरांचा बराच राडारोडा इथे आणून ओतला गेला. ऑलिम्पिकची आखणी करणाऱ्यांनी तो ढीग उचलून दुसरीकडे नेला नाही. त्याला आकार दिला, माती घातली, झाडं लावली आणि टेकडी केली. पन्नास-साठ मीटर उंच असेल. वर गेलं की हवा स्वच्छ असल्यास आल्प्सची रांग दिसते. माझ्या वयाच्या बायका दोन्ही हातांत काठ्या घेऊन भराभरा चढत होत्या, मी आपली बाकावर बसत बसत.

पायथ्याशी तळं आहे, तेही मुद्दाम केलेलं. एका जुन्या कालव्याचं पाणी अडवून. काठावर दगडी पायऱ्यांचं छोटं उघडं नाट्यगृह आहे, तिथे उन्हाळ्यात फुकट गाण्याचे कार्यक्रम होतात.

मला सगळ्यात आवडलं ते गवत. हसू नका. बागेची आखणी ग्युंथर ग्रझिमेक नावाच्या माणसाची. ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी जिथे तिथे असायची त्या काळात त्यांनी उलट भूमिका घेतली, की गवत लोकांनी तुडवायलाच आहे. पार्कात फिरायला तिकीट नाही. लोक चटया टाकून झोपलेले, कुणाचा वाढदिवस चाललेला, पोरं उतारावरून गडगडत खाली येतात. एकही शिट्टी ऐकू आली नाही. आपल्याकडे बागेत बसलं की पाच मिनिटांत शिट्टी वाजते, त्यामुळे माझे कान सारखे टवकारलेले.

आणि पोहण्याचा तलाव! मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं मिळवली, सातही वेळा विश्वविक्रम, तो हाच तलाव. बाहेर बोर्ड नसता तर कळलंही नसतं, कारण आत शहरातली साधी माणसं पोहत होती. तिकीट काढा, आंघोळ करा, उतरा. मी त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात पोहायला शिकलेली. तेवढ्या भांडवलावर उतरले. पन्नास मीटर संपता संपत नाहीत हो. मध्येच दोरीला धरून थांबले, तर शेजारच्या लेनमधल्या आजोबांनी काळजीने विचारलं. मी म्हटलं, आय अॅम फाइन, ओन्ली इंडियन. ते काय समजले देव जाणे, पण हसले. पाण्यात पडल्या पडल्या वर पाहिलं तर ते प्रसिद्ध छत, काचेच्या तंबूसारखं, आणि एका बाजूची भिंत पूर्ण काचेची. बाहेरचं गवत आतून दिसतं.

खेळाडू मुलींसाठी बांधलेली छोटी छोटी घरं आता विद्यार्थ्यांना राहायला दिली आहेत. जुनी मोडकळीला आली म्हणून पाडून त्याच ढंगाची पुन्हा बांधली. पोरं आपापलं दार-भिंत मनासारखी रंगवतात. एकावर भलामोठा ऑक्टोपस होता.

जवळच ते स्मारकही आहे. ५ सप्टेंबर १९७२ ला दहशतवादी खेळाडूंच्या वस्तीत घुसले. इस्रायलच्या संघातले अकरा जण आणि एक जर्मन पोलीस मारले गेले. २०१७ साली टेकाडाच्या पोटात खोदून स्मारक केलं. आत प्रत्येकाचा फोटो, त्याचं गाव, त्याच्या घरातली एखादी वस्तू. मी वाचायला गेले आणि बराच वेळ तिथेच होते.

टॉवर मात्र दुरुस्तीसाठी बंद होता, २९१ मीटरचा.

आता मुद्द्याचं. तिथे फिरताना मला सारखं आपलं नाशिकचं गोल्फ क्लब, म्हणजे त्र्यंबक रोडचं क्रिकेटचं मैदान आणि भोवतीचा जॉगिंग ट्रॅक, आठवत होतं. तुलना फार ओढूनताणून वाटेल, पण सकाळी सहाला दोन्हीकडे माणसं तेच काम करत असतात. नाशिकमध्ये खेळाची म्हणून बांधलेली आणि लोकांनी आपलीशी केलेली अजून कोणती जागा तुम्हाला वाटते? आणि ती तशी राहावी म्हणून काय करायला हवं?

शेवटची_ओव्हर

ताई, झकास लिहिलंय. ‘ओन्ली इंडियन’ला सलाम.

बाहत्तर म्हटलं की आमच्या घरात हॉकीच निघते. वडील रेडिओला कान लावून बसायचे. उपांत्य सामन्यात पाकिस्तानने आपल्याला २-० ने हरवलं आणि मग नेदरलँड्सला हरवून आपण कांस्य घेतलं. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने पाकिस्तानला १-० ने नमवलं तेव्हा, म्हणे, आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. आपण हरलो होतो तरी!

गोल्फ क्लबवर लिहायचंय, पण सवडीने.

स्लॅबवाला

छताबद्दल दोन शब्द, कारण ताईंनी ते एका वाक्यात उडवलं आणि माझा जीव तुटला. सिव्हिलवाला आहे, समजून घ्या.

वास्तुरचनाकार ग्युंटर बेनिश, आणि छताच्या कल्पनेमागे फ्राय ऑटो. ऑटो यांनी आधी १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात जर्मनीचा मंडप असाच ताणलेल्या जाळीचा केला होता. स्पर्धेसाठी पाठवलेल्या प्रतिकृतीत बेनिशच्या माणसांनी काड्यांवर बायकांचे नायलॉनचे मोजे ताणून बसवले होते असं सांगतात. परीक्षकांतले काही म्हणाले, हे उभंच राहणार नाही.

उभं राहतं ते असं. उंच पोलादी खांब, त्यांच्यावरून लोंबणारे जाड केबल, आणि खाली पोलादी दोरांची जाळी, ७५ सेंटिमीटरच्या चौकटींची. जाळी कडेने जमिनीत खोल रोवून घट्ट बांधलेली. प्रत्येक ठिकाणी ती एका दिशेने वर वाकते आणि दुसऱ्या दिशेने खाली, त्यामुळे वारा वरून दाबो की खालून उचलो, दोरांचा एक संच त्याला धरतो. आपल्या पत्र्याच्या शेडला वादळात जे होतं ते इथे होत नाही. वजनाने तगून राहायचं नाही, ताणाने राहायचं, असा सगळा हिशेब. त्या काळी असली गणितं करायला संगणक नुकते कुठे हाताशी येत होते. काही भाग संगणकावर, काही भाग प्रत्यक्ष प्रतिकृती मोजून, असं काम झालं.

आणि वर पारदर्शक अॅक्रिलिक का? रंगीत टीव्हीसाठी. अपारदर्शक छत घातलं असतं तर मैदानावर अर्धं ऊन, अर्धी गडद सावली पडली असती आणि त्या वेळच्या कॅमेऱ्यांना ते झेपलं नसतं. एकूण छत जवळपास ७५ हजार चौरस मीटर. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पटीत गेला.

स्टेडियमच्या छतावर दोर बांधून चालायची सफर असते. ताई, तुम्ही गेलात का?

गंगापूररोडवाली

@स्लॅबवाला, लेक गेली होती. मी खालून फोटो काढले. एवढं सांगून थांबते.

त्र्यंबक_नाका

लेख छान, पण नेहमीचंच. तिकडे सगळं सुंदर आणि इकडे सगळं टाकाऊ. त्यांच्याकडे पैसा आहे, लोक कमी आहेत. गोल्फ क्लबचं गवत लोकांना तुडवायला दिलं तर आठ दिवसांत माती उरेल. पाट्या आणि शिट्ट्या उगाच नाहीत.

गंगापूररोडवाली

अहो, मी इकडचं टाकाऊ कुठे म्हटलं? उलटंच म्हणतेय. गोल्फ क्लबचं जे आहे ते कुणी मुद्दाम ठरवून केलेलं नसताना इतकं चाललंय, तर ठरवून केलं तर काय होईल?

आणि तिथेही सगळं गोग्गोड नाही. सायकल शर्यतींचं वेलोड्रोम त्यांनी २०१५ मध्ये पाडलं. त्या जागी २०२४ मध्ये नवं बंदिस्त अरीना आलं, आइस हॉकी आणि बास्केटबॉलचं, मोठ्या कंपनीच्या नावाचं. लेकीच्या शेजारचे एक आजोबा त्यावर अजून चिडलेले आहेत. मुख्य स्टेडियममधून फुटबॉलही गेला. बायर्न म्युनिक तिथे खेळायचं, २००५ पासून त्यांनी शहराच्या उत्तर टोकाला स्वतःचं नवं स्टेडियम घेतलं. १९७४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झालेलं मैदान, आणि नेहमीचा भाडेकरूच निघून गेला. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सांगायला नको: कुलूप, मग झुडपं, मग लग्नाचे हॉल.

त्यांनी तिथे गाण्याचे मोठे कार्यक्रम घेतले. २०२४ च्या जुलैत टेलर स्विफ्टचा कार्यक्रम झाला तेव्हा तिकीट न मिळालेले हजारो लोक त्या राडारोड्याच्या टेकडीवर चटया टाकून बसले आणि फुकटात ऐकलं. कुणी हाकललं नाही. माझी लेक त्यातच होती. तिकिटाचे पैसे वाचले यावर ती अजून खूश आहे.

जुना_पैलवान

१९७२ आणि जर्मनी हे दोन शब्द एकत्र आले आणि कुणी मुरलीकांत पेटकरांचं नाव काढलं नाही?

सांगली जिल्ह्यातला गडी. फौजेत होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्ण, तेही विश्वविक्रमासह. ऑलिम्पिक असो की पॅरालिम्पिक, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण हे. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. हिशेब तुम्हीच करा.

आता ताईंच्या विषयाशी जोडतो. ते पॅरालिम्पिक म्युनिकला झालं नाही, हायडलबर्गला झालं. कारण काय, तर म्युनिकची खेळाडूंची घरं ऑलिम्पिक संपताच फ्लॅट म्हणून लोकांना द्यायचं आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे अपंग खेळाडूंना राहायला जागा नाही. म्हणजे ज्या ‘पुढच्या वापराच्या’ नियोजनाचं आपण सगळे इथे कौतुक करतोय, त्याच नियोजनात व्हीलचेअरवरच्या खेळाडूंना दुसऱ्या गावी पाठवलं गेलं. पेटकर स्पिट्झच्या तलावात पोहलेच नाहीत.

कौतुक करा, पण हेही लिहून ठेवा.

गंगापूररोडवाली

पैलवान दादा, हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी हायडलबर्गला जाईन.

स्लॅबवाला

जबरदस्त माहिती, पैलवान. आणि मला वाटतं इथून खरा प्रश्न सुरू होतो: जागा लोकांना द्यायची म्हणजे कोणत्या लोकांना?

पहाट_पाच

मग आता गोल्फ क्लब. मी रोजचा. ऊन-पाऊस-थंडी, सुट्टी फक्त दिवाळीच्या पहाटे.

नवीन सभासदांसाठी: त्र्यंबक रोडवर, ईदगाह मैदानाला लागून. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर विजयानंद थिएटरात गोळ्या झाडणारे ते कान्हेरे. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली, तेव्हा वय अठरा. गोल्फ मात्र आता नावापुरतं. मध्ये क्रिकेटचं मैदान, भोवती जॉगिंग ट्रॅक. मोठ्या सभाही याच मैदानाने कितीतरी पाहिल्या आहेत.

पहाटे पाचला अंधारात पहिली येतात ती पोलीस भरतीची पोरं-पोरी. खेड्यांतून शहरात खोल्या करून राहिलेली, कानात काही नाही, पायात जे असेल ते, आणि घड्याळ लावून सोळाशे मीटर. नंतर आमच्यासारखे साखर-बीपीवाले. सहाला शाळेची क्रिकेटची पोरं किट ओढत येतात. साडेसहाला महिला मंडळ, वेग कमी, बातम्या जास्त. सातला हसण्याचा क्लब, आणि त्यांचं ते हसणं ऐकून खरं हसू येतं. बाहेर गाड्यांवर कारलं, दुधी, आवळ्याचा रस. पिताना तोंड वाकडं करायचं आणि तिथून थेट मिसळ खायला जायचं, ही नाशिकची आरोग्यचळवळ.

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना इथे झाला. महाराष्ट्राने ४३९ धावांनी जिंकला. पहाटे आम्ही ज्या मैदानाला फेऱ्या मारतो तिथे दिवसा भारताकडून खेळलेली माणसं गोलंदाजी करतायत, हे बघायला आमचा अख्खा गट जाऊन बसला. आमच्यातले एक निवृत्त हेडमास्तर चार दिवस स्कोअर लिहीत होते.

म्हणून मला त्र्यंबक_नाका यांचं पटत नाही. गवत मैदानाचं वेगळं, बागेचं वेगळं. खेळपट्टीवर कुणी चटई टाकणार नाही, टाकू नयेच. पण कडेला बसायला सावली, प्यायला पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, एवढं धड असलं तर जागेचा जीव वाढतो.

धावणारीची_आई

मी जरा खटकणारं बोलणार आहे.

माझी मुलगी पंधरा वर्षांची, १५०० मीटर धावते. शहरातल्या एका ट्रॅकवर सरावाला जाते, नाव घेत नाही. तिथे चालणारे काका-काकू चौघे-पाच जण हातात हात घालून ओळीने चालतात. मागून धावत येणाऱ्या पोरीने ‘साइड’ म्हटलं की ‘एवढी काय घाई आहे’ हे ऐकून घ्यायचं. एकदा एकीचा कुत्रा मध्ये आला आणि ही पडली. गुडघा आठ दिवस सुजला होता.

तुम्ही म्हणता खेळाची जागा लोकांची झाली. मला दिसतं ते असं, की खेळाची जागा लोकांची झाली आणि खेळणाऱ्यांची राहिली नाही. म्युनिकला स्पिट्झच्या तलावात आजोबा पोहतात हे छानच, पण तिथे आजोबांची लेन वेगळी आहे ना?

कविता राऊत, संजीवनी जाधव या आपल्या जिल्ह्यातल्या मुली भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर घाम गाळून पुढे गेल्या. हरसूलकडच्या सावरपाड्यातून आलेल्या कविताने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. अशा मुलींना ट्रॅक मोकळा लागतो. रोज, ठरल्या वेळी.

पहाट_पाच

ताई, मुद्दा शंभर टक्के मान्य. ओळीने चालणाऱ्यांत आमचाही गट असतो. उद्या सांगतो सगळ्यांना, हेडमास्तर ऐकतील, बाकीच्यांचं बघू.

गंगापूररोडवाली

@धावणारीची_आई, हो, लेन वेगळी असते. नुसती वेगळी नाही, तासही वेगळे. मी एका दुपारी गेले तर अर्धा तलाव क्लबच्या पोरांना दिलेला. दोऱ्या ताणलेल्या, प्रशिक्षक काठावरून ओरडतायत. आम्ही म्हातारे उरलेल्या अर्ध्यात. फळ्यावर आधीच लिहिलेलं असतं कोणत्या वेळी किती लेन कुणाला, त्यामुळे तक्रार नाही. उंच फळ्यांवरून उड्या मारायचेही तास ठरलेले.

मला वाटतं वाद ‘खेळाडू की लोक’ असा नाहीच. वेळापत्रक आहे की नाही, आणि ते दारावर लावलंय की नाही, एवढाच आहे. छत ताणायला हुशार माणसं लागली असतील. फळ्यावर खडूने वेळ लिहायला कोण लागतं?

त्र्यंबक_नाका

वेळापत्रक लावलं तरी पाळणार कोण?

धावणारीची_आई

आधी लावा तर खरं. पाळत नाहीत म्हणून भांडायला तरी काहीतरी हातात असेल. आज मी भांडले तर ‘मैदान तुमच्या बापाचं का’ एवढंच उत्तर मिळतं.

शेवटची_ओव्हर

आलो परत.

आम्ही लहानपणी गोल्फ क्लबवर टेनिस बॉलचे सामने खेळायचो. एकाच वेळी सात-आठ सामने, एकाचा कव्हर म्हणजे दुसऱ्याचा लाँग ऑन. कुणाचा चेंडू कुणी अडवला यावरून मारामाऱ्या. मध्ये खरी खेळपट्टी असायची, दोरीच्या आत, तिथे पाऊल टाकायची हिंमत नव्हती. आत कधी जायला मिळेल, हेच सगळ्यांच्या डोक्यात. आमच्यातलं कुणी गेलं नाही, पण सत्यजित बच्छाव, रामकृष्ण घोष ही नाशिकची मुलं महाराष्ट्राकडून खेळली. बाहेर गर्दी असल्याशिवाय दोरीच्या आतल्याला किंमत येत नाही, असं मला वाटतं. म्हणून धावणारीच्या आईंशी सहमत असूनही मी म्हणेन की लोकांना बाहेर काढू नका.

दुसरं. मोठमोठ्या स्टेडियमची स्वप्नं चालू आहेत. अहमदाबादला २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाली, ऑलिम्पिकचंही बोललं जातंय. बांधणाऱ्यांना कुणी विचारतं का, की स्पर्धेनंतरच्या मंगळवारी सकाळी इथे कोण येणार आहे?

स्लॅबवाला

म्युनिकवाल्यांनी हे विचारलं होतं म्हणून २०२२ ची युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा त्यांना जुन्याच जागांवर घेता आली. पन्नास वर्षांनी, त्याच स्टेडियममध्ये, त्याच पार्कात. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शहराने लोकांचं मत घेतलं की पुन्हा ऑलिम्पिकसाठी अर्ज करायचा का. दोन तृतीयांश लोक ‘हो’ म्हणाले. युरोपात आजकाल अशा मतदानात सहसा ‘नको’ येतं. हॅम्बुर्गने २०१५ मध्ये नको म्हटलं. म्युनिकच्या लोकांना रोज पोहायला मिळतंय, म्हणून त्यांचा हात ‘हो’वर गेला असं माझं मत.

पैशांचंही सांगतो, कारण त्र्यंबक_नाका यांनी काढलं. १९७२ चा बराच खर्च १० मार्कांची चांदीची स्मरणनाणी आणि लॉटरी यांतून उभा केला गेला. लोकांनी नाणी हौसेने घेऊन कपाटात ठेवली.

चांदवडकर

उशिरा आलो. कुणीच नौकानयनाचं बोललं नाही, म्हणून लिहितो. ७२ च्या शर्यतींसाठी म्युनिकच्या उत्तरेला ओबरश्लाइसहाइमला दोन किलोमीटरचा सरळसोट जलमार्ग खणला होता. तो आजही चालू आहे, सरावही होतो आणि स्पर्धाही. शेजारच्या तळ्यात लोक उन्हाळ्यात डुंबायला जातात.

आमच्या तालुक्यातला, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या गटात सुवर्ण जिंकला. टँकरच्या गावचा पोरगा, वल्हं हातात आलं फौजेत गेल्यावर. आमच्या जिल्ह्यात गंगापूर धरण आहे, दारणा आहे, मुकणे आहे. धरणावर बोटीत बसून सेल्फी काढता येतो. शाळेतल्या पोराला वल्हं मारायला शिकायचं तर कुठे जायचं, ते कुणी सांगा.

जुना_पैलवान

बरोबर. पाणी आहे, पोरं आहेत. मधला दुवा नाही.

खडीसाखर

सगळं वाचलं, मजा आली. माझा प्रश्न साधा आहे. आम्ही मे महिन्यात म्युनिकला जातोय, सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात) आणि दोन मुलं. या पार्कात एक दिवस घालवावा का? खायचं काय? मुलांना पोहता येतं.

गंगापूररोडवाली

@खडीसाखर, नक्की जा. सांगते.

यू-३ चं ऑलिम्पियाझेंट्रुम स्टेशन. बाहेर आलात की एका बाजूला बीएमडब्ल्यूचं संग्रहालय, मुलं तिकडेच ओढतील. त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पार्क राहून जाईल. सासूबाईंना टेकडी चढवू नका. तळ्याकाठची वाट सपाट आहे, बाकं भरपूर. बदकांना खायला घालू नका अशी सूचना असते, आणि आपल्या माणसांना नेमकं तेच करायचं असतं.

पोहायला जाणार असाल तर पोहण्याचे नीट कपडे न्या. सुती टी-शर्ट, बर्म्युडा घालून उतरू देत नाहीत. पाण्यात जायच्या आधी साबण लावून आंघोळ सक्तीची. कपाटासाठी सुटी नाणी जवळ ठेवा. उंच फळी बघून मुलं हट्ट करतील, तिचे तास दारावर लिहिलेले असतात. तलाव अधूनमधून स्पर्धेसाठी बंद असतो, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ बघा. टॉवर आणि स्टेडियमच्या दुरुस्तीचंही तिथेच कळेल.

खायला आत टपऱ्या आहेत, बटाट्याचे तळलेले काप आणि मिठाचे वेटोळे पाव मिळतात. शाकाहारी असाल तर घरून ठेपले, दशम्या घेऊन जा आणि गवतावर बसून खा, कुणी काही म्हणत नाही. कचरा मात्र परत उचलायचा.

मुलं जरा मोठी असतील तर त्यांना स्मारकात न्या. लहान असतील तर सासूबाईंना त्यांच्यापाशी बसवून तुम्ही दोघं जाऊन या.

खडीसाखर

खूप आभार ताई. मोठा तेरा वर्षांचा आहे, त्याला नेईन स्मारकात. दशम्यांची कल्पना सासूबाईंना फार आवडली, त्यांनी आत्तापासून यादी सुरू केलीय.

पहाट_पाच

ता. क. धावणारीची आई, आज गटात विषय काढला. ट्रॅकची आतली बाजू धावणाऱ्यांना सोडायची आणि दोघांपेक्षा जास्त जणांनी ओळीने चालायचं नाही, असं ठरलं. महिला मंडळाने ‘आधी तुमच्या हसण्याच्या क्लबला सांगा’ असं उत्तर दिलंय. हेडमास्तरांनी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात पाटी करायला घेतली आहे. तुमच्या मुलीच्या सरावाची वेळ कळवा, तीही त्यावर लिहू.

धावणारीची_आई

सोमवार ते शनिवार, सकाळी साडेपाच ते सात. ती सध्या दुसऱ्या ट्रॅकवर जाते, पण पाटी लागली तर गोल्फ क्लबवर आणते. कुत्र्यांचंही लिहा त्यात.